तलावाच्या रस्त्यावर पळणारी

शहराबाहेर तलावाकडे सागाच्या झाडांतून एक मातीचा रस्ता जातो. तिथे मी सकाळी शेळ्या चारते. पोलीस भरतीसाठी एक मुलगी त्या रस्त्यावर लांब लांब पळायची. तिचं नाव मी विचारलं नाही. मला अनोळखी माणसाशी बोलवत नाही. वळणावर ती दुपट्टा कमरेला घट्ट बांधायची आणि ओरडायची, "काकू, बकऱ्या आवरा, गाडी आली!"

त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारताना औषध तोंडावरच यायचं. एका सकाळी ती दोन फेऱ्यांतच गुडघ्यांवर हात ठेवून थांबली. डोळे लाल झाले होते, तोंडातून लाळ गळत होती.

"काय झालं वो माय?" मी पहिल्यांदाच बोलले.

"काल फवारले गेलती. मजूरच भेटून नाही राह्यले."

"दवाखान्यात जाय ना."

"ते ठेवून घेतीन काकू. परवा भरतीचं ग्राउंड आहे, पळाले लागते. पुढच्या साली वय निघून जाते माहं."

ती पुन्हा पळाली. मी तिचा हात धरला नाही.

आठ दिवसांनी एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. ती तिची आई होती. मुलगी त्याच दिवशी घरी जाऊन पडली आणि दवाखान्यात वारली, असं तिने सांगितलं.

"तुमच्यापाशी थांबे म्हणतात. तब्येतीचं काही बोलली का वो? मले तं काहीच नाही सांगतलं तिनं."

मी म्हटलं, "नाही."

त्या बाईला बरं वाटलेलं मी पाहिलं. खरं काय ते मी फक्त इथे लिहिलं आहे.