पूजेतला अल्बम

सरस्वती पूजेच्या दुपारी मी नैवेद्याच्या सुंडलासाठी हरभरे फोडणीला टाकत होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "अम्मा, माझी डिस्क दिसत नाही." तिचा आवाज इतका सपाट होता की मी गॅस बंद केला.

त्या काळ्या, तळहातावर मावणाऱ्या डबीत तिचा अल्बम होता. आठ गाणी. त्यांना गाणी म्हणायची सवय मला अजून झालेली नाही, कारण त्यात शब्द नाहीत. नाचायचं संगीत, सगळं संगणकावर रचलेलं. नोकरी सोडून मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून ती हेच करत होती. भिंतीपलीकडे माझे सासरे. ठेका सुरू झाला की त्यांच्या टेबलावरची गोळ्यांची डबी हळूहळू कडेला सरकायची. ते ती उचलून परत मध्ये ठेवायचे. तक्रार कधी केली नाही.

बंगळूरच्या संगीत कंपनीला एकच गाणं हवं होतं. अख्खा अल्बम हल्ली कोण ऐकतं, असं त्यांचं म्हणणं. हिचं म्हणणं, एक गाणं दुसऱ्यात उतरतं, ते मध्ये तोडायचं नाही. भांडून तिने आठही गाण्यांसाठी होकार मिळवला होता. अट अशी की शेवटचं मिक्सिंग झालेल्या फायली आज संध्याकाळपर्यंत पोचायला हव्यात. नाहीतर त्यांच्याकडे आधीपासून असलेलं एक गाणं तेवढं ते बाजारात काढणार आणि अल्बमचा विषय मिटला. लॅपटॉप भरलेला, म्हणून शेवटच्या फायली थेट डिस्कवर ठेवलेल्या.

"दुसरी प्रत?"

"आज करणार होते."

 रागावून डिस्क सापडली नसती.

आम्ही गोधड्या झटकल्या, गादी उलटली, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतला. मग मी हॉलमध्ये गेले आणि जागीच थांबले. नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्यांपुढे मामंजींनी सकाळी पूजा मांडली होती. रेशमी कापडावर पुस्तकांची चळत, ह्यांचं पेन, माझी कात्री, मुलीने स्वतः आणून दिलेला वाजवायचा कीबोर्ड. चळतीच्या अगदी वर, शेवंतीच्या फुलाखाली, डिस्क.

आमच्याकडे या दिवशी पुस्तकं आणि कामाची हत्यारं देवीपुढे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. शाळेत असताना मला वर्षातला सगळ्यात आवडता दिवस हाच होता.

मामंजी झोपाळ्यावर बसले होते.

"मामंजी, ही डबी तुम्ही ठेवलीत?"

"मग कोण? वर्षभर राबली पोर आणि नेमकी तीच वस्तू टेबलावर पडलेली. पेटी दिली पूजेला, काम दिलं नाही. म्हटलं, विसरली असेल."

"विसरले नव्हते, आजोबा. मला ती आज लागते."

"उद्या घे."

"उद्या ते घेणार नाहीत."

"आजच्या दिवशी कोण काम करतं?"

"बंगळूरला करतात."

"म्हणूनच त्या गावाचं तसं झालंय."

ती पुढे झाली. "हात लावू नकोस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यांनी कधीच चढवलेला नाही. ती मागे सरली आणि माझ्याकडे बघू लागली. 

मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिथल्या यंत्रांनाही आम्ही या दिवशी गंध लावतो, हार घालतो. मी म्हणाले, "मामंजी, मागच्या पूजेला तुम्ही तापाने फणफणला होतात. तुमचं रक्त आमच्याकडे आलं तेव्हा यंत्राला हार होता. मी हार काढला आणि तपासलं."

"ते दुखणं होतं."

"ही घाई आहे."

"दुखणं आणि घाई एक नव्हे."

"नव्हे. पण यंत्राचा हार काढलेला देवीला चालला, एवढं मला ठाऊक आहे. तुम्ही समोर बसलाय."

 ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी तो होकार धरला. नकारही असू शकला असता. फूल बाजूला ठेवून मी डिस्क उचलली.

तेव्हा कळलं की हे एवढ्यावर भागणार नाही. केबल लावायच्या भोकावर चंदनाचा ओला गोळा होता, त्यावर कुंकू. त्या डबीला कपाळ म्हणून त्यांना तेवढीच जागा दिसली असणार.

मुलीने केसातली पिन काढली.

"ठेव ती. ओलं असताना टोचलंस की आत जाईल."

"अम्मा, वेळ नाही."

"म्हणूनच ठेव."

वर वर होतं तेवढं मी कापसाने टिपलं आणि डिस्क टेबलफॅनपुढे धरली. बाहेर गल्लीत रिक्षावाले रिक्षांना केळीचे खुंट बांधून दृष्ट काढायला कोहळे फोडत होते. प्रत्येक कोहळ्याला मुलगी दचकत होती. चंदन वाळून फिकट झालं तसं मी भोक खाली करून नव्या टूथब्रशने झाडलं, लाकडी काडीने कडा मोकळ्या केल्या, स्पिरिटचा बोळा फिरवला. केबल लावली. दिवा लागला नाही.

ती भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. "एकच गाणं काढू देत त्यांना," म्हणाली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. मी म्हटलं, "मी अजून संपवलेलं नाही." पुन्हा स्पिरिट, पुन्हा पंखा, पुन्हा ब्रश. या वेळी कोपऱ्यातून लालसर भुकटी पडली. केबल लावली. दिवा लुकलुकला, विझला आणि मग लागून राहिला.

फायली एकेक करून उघडल्या. आठही. घरचं इंटरनेट रांगत होतं, म्हणून माझ्या फोनचं नेट जोडलं. निळी पट्टी पुढे सरकत असताना आम्ही दोघींनी केबलला धक्का लागू नये म्हणून पायसुद्धा हलवले नाहीत. खिडकीतलं ऊन जाता जाता पट्टी भरली. कंपनीकडून उत्तर म्हणून नुसता अंगठा आला.

मुलीने डिस्क पुसली, मागच्या सपाट बाजूला गंधाचा टिकला लावला आणि परत पुस्तकांवर ठेवली. मी सांगितलं नव्हतं. मामंजी सुंडल घ्यायला बाहेर आले नाहीत. वाटी खोलीत पाठवली, ती रिकामी परत आली, पण निरोप काही आला नाही.

सकाळी त्यांनी पुनर्पूजा केली. पूजा उतरवल्याची खूण म्हणून सगळ्या वस्तू जराशा उत्तरेला सरकवल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात द्यायला लागले. ज्याला त्याला आपलं काम थोडं का होईना करून दाखवायचं असतं. ह्यांनी दोन ओळी लिहिल्या. मी कापडाची चिंधी कापली. डिस्क त्यांनी उचलली, उलटीसुलटी करून भोक पाहिलं, मागचा टिकला पाहिला.

"पोचलं का?"

"पोचलं, आजोबा."

"एक की सगळी?"

"सगळी."

त्यांनी डिस्क तिच्या हातात दिली. ती स्पीकर जोडू लागली तसे ते उठून आपल्या खोलीत गेले. तिचा हात थांबला. पण ते लगेच परत आले, गोळ्यांची डबी मुठीत धरून झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "हं, लाव."