गारांनी भरलेली जाळी

बाग करणाऱ्या माणसाला माती कळावी लागते, पाणी कळावं लागतं. निदान आभाळाकडे बघून वाळवण आत घ्यायचं की नाही, एवढं तरी कळावं लागतं. मला यातलं काही कळत नाही. मला चेकशीट कळते. चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये वीस वर्षं काढली की माणसाचं असंच होतं. बायकोच्या तब्येतीची चौकशी करतानाही तो मनातल्या मनात 'ओके'चा रकाना शोधत असतो.

पुनावळ्यात आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. फ्लॅटला लागून टेरेस आहे आणि टेरेसवर माझी बाग. भंगारवाल्याकडून आणलेले निळे पिंप आडवे कापून त्यात मिरच्या, टोमॅटो, मोगरा, आणि चार वर्षांत एकही लिंबू न देता नुसता काट्यांनी ओरबाडणारा एक लिंबोणीचा नग. कठड्याच्या बाजूला दोडक्याचा वेल. पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसमधून उतरलो की चहाचा कप घेऊन मी तिथे जाऊन बसायचो. वेलावर एक काळा-जांभळा शिंजीर यायचा, फुलात चोच खुपसून उलटा लटकायचा, आणि दिवसभराची मशिनांची घरघर कानातून निघून जायची. हे सुख खरं होतं, त्यात मी काही मीठमसाला घालत नाही.

त्या वर्षीचा फाल्गुन मात्र चळल्यासारखा वागत होता. पहाटे गोधडी, दुपारी कूलर, संध्याकाळी ढग. एका दिवशी मे महिन्यासारखं ऊन पडायचं आणि टोमॅटोची फुलं टपाटपा गळायची. दुसऱ्या दिवशी असा दमट गारवा यायचा की मिरचीची पानं आकसून जायची. शिंजीर यायचा बंद झाला. म्हणून मी झाडांवर सावलीची हिरवी जाळी लावायची ठरवली.

दुसऱ्या कुणी चार बांबू बांधले असते. मी कंपनीत सुट्या भागांचे रॅक करायला वापरतात तसले पाइप आणि क्लॅम्प भंगारातून मिळवले, आणि चांगला बारा फूट लांब सांगाडा उभा केला. वेलाला ऐसपैस जागा मिळावी म्हणून तो कठड्याच्या बाहेर दोन फूट काढला. वर जाळी ताणून बसवली. मग, स्वभावाला औषध नसतं, शेजारच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत चेकशीट टांगली. 'क्लॅम्प घट्ट आहेत का', 'जाळीचा ताण', 'पाइप हलतो का'. सोमवार ते शनिवार.

बायको बघून म्हणाली, "अहो, हे दोडक्यासाठी आहे की ऑडिटसाठी?"

"शिस्त लागते," मी म्हणालो.

"शिस्त ठीक आहे. ते बाहेर काय काढलंय? खाली आबा बसतात."

आबा म्हणजे आमच्या इमारतीची जमीन ज्यांची होती ते म्हातारे शेतकरी. शेजारीच त्यांचं तीन मजली घर आहे, पण ते रोज दुपारी चारला आमच्या कंपाउंडच्या भिंतीलगतच्या सिमेंटच्या बाकड्यावर येऊन बसत. बाकड्यावर पत्र्याचं छप्पर आहे. ते बरोबर माझ्या दोडक्याखाली येतं. दुसरीकडे सावलीत बसा म्हटलं तर म्हणत, "हितं माझी हीर व्हती. बुजवली तुमी. आता निदान बसू तरी द्या की."

सांगाडा झाला त्या दिवशी ते खालून मान वर करून बराच वेळ बघत राहिले होते. मी मोठ्या अभिमानाने विचारलं, "कसं वाटतंय आबा?"

"शीड वाटतंय," ते म्हणाले. "होडीला असतंय तसलं. सायेब, औंदा वारं सरळ न्हाई. ते आत घ्या."

मी हसलो. पुढे पंधरा दिवस संध्याकाळी ढग येत राहिले, वारा उठायचा आणि बसायचा, आणि जाळी रात्रभर फडफडायची. बायको झोपेत कूस बदलायची. मी तिला सांगायचो, "तपासलंय मी." खरं म्हणजे पहिल्या आठवड्यानंतर मी क्लॅम्पला हात लावलाच नव्हता. आमच्याकडे लाइनवर जे सगळे करतात तेच मी केलं होतं. सोमवारी सकाळी पेन घेऊन उभा राहायचो आणि शनिवारपर्यंतच्या सगळ्या टिका एकदम मारून टाकायचो. क्लॅम्प घट्ट, ओके. ताण, ओके. हात बसलेला असतो, राव. तो नट बघत नाही, रकाना बघतो.

तो गुरुवार होता. आमच्या पट्ट्यातली साप्ताहिक सुट्टी. सकाळपासून पान हलत नव्हतं. बायकोने टेरेसवर जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या. दुपारी चारनंतर देहूरोडच्या बाजूने धाड, धाड असे आवाज आले. तिकडून लष्कराच्या सरावाचे आवाज अधूनमधून येतात, त्यामुळे मी डोकं वर केलं नाही. मिरचीच्या पानाखालचा मावा चिमटीत चिरडत राहिलो. मान वर केली तेव्हा डोंगर दिसत नव्हते. आभाळ हळदीच्या पाण्यासारखं झालं होतं आणि त्याच्या पोटात एक काळी घडी खाली खाली येत होती. कावळे एकही आवाज न करता हायवेच्या दिशेने चालले होते.

"कुरडया!" बायको आतून पळत आली.

साडीचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी धरलं, आणि तेवढ्यात वारा आला. तो कुठून आला ते कळलंच नाही, तो एकदम सगळीकडेच होता. मातीने डोळे भरले. साडी कुरडयांसकट पाण्याच्या टाकीवर जाऊन अडकली. मग गारा सुरू झाल्या, आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. माझ्या मागे 'कट' असा आवाज झाला. वीस वर्षांत तो आवाज मी हजारदा ऐकलाय. क्लॅम्प सुटल्याचा आवाज.

सांगाडा आतल्या बाजूने उचलला गेला होता. मी धावत जाऊन शेवटचा पाइप दोन्ही हातांनी धरला आणि कठड्याला गुडघे टेकवले. वारा थोडा उतरला तसा सांगाडा खाली बसायच्या ऐवजी बाहेर कलायला लागला, कारण जाळीत गारा साठत होत्या. बाहेर काढलेल्या त्या दोन फुटांत त्यांच्या भाराने जाळीचं पोट सुटलं होतं.

मी खाली वाकून पाहिलं. पत्र्याच्या कडेतून दोन पावलं बाहेर आलेली दिसली. धोतराची कड, कातडी चपला. आबा गारांपासून वाचायला छपराखाली अंग चोरून बसले होते.

"आबा!" मी ओरडलो. पत्र्यावर गारा अशा वाजत होत्या की माझं मलाच ऐकू आलं नाही.

बायकोनेही पाहिलं. ती दाराकडे वळली. दिवे गेले होते, म्हणजे लिफ्ट बंद. सात मजले जिन्याने. तिचे गुडघे मला माहीत आहेत. एकेक पायरी ती कठड्याला धरून उतरते.

कट. दुसरा क्लॅम्प. मी मनातल्या मनात मजले मोजत होतो. सहावा. पाचवा. भिंतीवरची चेकशीट पिशवीत फडफडत होती आणि तिच्यावर गुरुवारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ओके होतं. हसू यावं अशी गोष्ट होती. नंतर सांगताना सगळे हसतातही. चौथा मजला. बोटं बधिर झाली. खाली आता काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा पडदा. ती पावलं तिथे आहेत की नाहीत, बायको तिथवर पोचली की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. तिसरा. तिसरा क्लॅम्प सुटला आणि मी पोटापर्यंत कठड्यावर ओढला गेलो. पाय जमिनीवरून उचलले गेले.

मग हात रिकामे होते.

खालून आवाज आला. पत्रा फाटल्याचा, आणि मग पाइपांचा, एकामागून एक.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. पार्किंगमध्ये शेवटच्या खांबाशी आबा उभे होते, पागोटं हातात, डोक्यावर एक टेंगूळ, ते गारेचं. बायको त्यांचा दंड धरून उभी होती आणि धापा टाकत होती. बाकड्याचा सिमेंटचा काठ उडाला होता. पत्रा मधोमध दुमडून बाकड्यावर बसला होता, एखादा माणूस बसावा तसा.

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सोडलंस का सुटलं रं?"

"सोडलं," मी म्हणालो. "हिची हाक ऐकली, तुम्ही बाजूला झालात असं कळलं, तेव्हा सोडलं."

"बरं झालं," आबा म्हणाले आणि पागोटं पिळायला लागले. बायकोने त्यांचा दंड सोडला आणि ती जिन्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेरेसवर फुटके टोमॅटो गोळा करत होतो. ऊन असं स्वच्छ पडलं होतं की जणू काही झालंच नव्हतं. वेल मुळापासून गेला होता. ती खाली बघत म्हणाली, "मी हाक मारली नव्हती."

मी टोमॅटो उचलत राहिलो.

"दम लागला होता. तोंडातून आवाजच निघेना. त्यांना हाताला धरून ओढलं, आणि आम्ही पाच पावलं गेलो असू नसू, तोच वरून ते आलं."

ही गोष्ट मी कंपनीत चहाच्या टेबलावर पुष्कळदा सांगितली आहे. चेकशीटपाशी हशा पिकतो, आबांच्या पागोट्यापाशीही पिकतो. हाकेची जागा मी अजून तशीच ठेवली आहे, कारण ती काढली तर तिथे काय सांगायचं ते मला सापडलेलं नाही. पाय उचलले गेले तेव्हा मला आबांची आठवण नव्हती, एवढं मला ठाऊक आहे. घरी पाहुण्यांना सांगायला लागलो की हाकेच्या थोडं आधी बायको कप गोळा करते आणि आत जाते. गोष्ट तिथेच थांबवून कितीही वेळ बसलो तरी ती बाहेर येत नाही, म्हणून मी पुढे सांगत जातो.