रुपयाएवढं छप्पर

आसगावच्या आमच्या घरात फक्त पुढच्या खोलीवर टिन आहे, आणि लकव्यानंतर बाबांनी खाट तिथंच मांडून घेतली. रस्त्यावरची येणारी-जाणारी माणसं दिसतात म्हणे. मे महिन्यात ती खोली भट्टी होते आणि वीज नेमकी दुपारीच जाते. आत या म्हटलं की बाबा भिंतीकडे तोंड करतात.

मी प्रयोगशाळेत चांदीच्या पातळ थरावर केसाहूनही कितीतरी बारीक नक्षी कोरते. नक्षी साधली तर तो तुकडा भर उन्हातही आपली उष्णता आभाळाकडे फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहतो. हे एकदा फोनवर बाबांना सांगून बसले. तेव्हापासून त्यांचं एकच, आपल्या टिनावर कधी लावतेस? लवकरच, मी म्हणायची. दुसरं काय म्हणणार? डोळे फोडून फोडून जमला होता तो रुपयाएवढा एक तुकडा.

तोच यंदा खऱ्या उन्हात तपासायला घरी आणला. उन्हाचा आमच्याकडे तोटा नाही. डबी ओट्यावर ठेवून मी शेजारी शिडी मागायला गेले. परत येऊन बघते तर आई मोरीपाशी बसून पाणी भरायच्या पितळेच्या गुंडासोबत तो तुकडाही चिंच-राखेनं घासत होती. इतका लख्ख की त्यात माझा चेहरा दिसला. नक्षी राखेबरोबर वाहून गेली होती.

“धुरकटला होता, बाई,” आई म्हणाली. “तसाच मयला कायले लावतं? आता चांगलं काम करन.”

संताप संताप झाला, पण बोलू काय? तो मळ म्हणजेच माझं सगळं काम होतं, हे तिला कुठल्या शब्दांत सांगू? आणि न घासलेल्या तुकड्यानं तरी ती खोली कुठे थंड होणार होती?

खाटेवरून बाबा विचारत होते, लावलं का, लावलं का. शेवटी चटके सोसत वर चढले आणि त्यांच्या खाटेच्या नेमक्या वर तो चिकटवला. थोड्या वेळानं मापून पाहिलं. टिन तापावं तसाच तापला होता.

खाली आले. बाबांनी डोळे मिटले होते, कपाळावरून घाम उशीत उतरत होता.

“थंडं वाटून राहिलं, माय,” ते म्हणाले. “आता पुऱ्या टिनाले लावून दे.”

मी ओढणीनं त्यांचा घाम पुसला आणि हो म्हणाले.