तीच सभा, त्याच ठिकाणी

आमच्या सोसायटीचा मी एकवीस वर्षं सचिव होतो. बाविसाव्या वर्षी निवडणूक झाली आणि मला चार मतं पडली. त्यातलं एक माझं. बाकीची तीन कुणाची हे अजून कळलेलं नाही, नाहीतर आभाराचं पत्र दिलं असतं. त्यानंतर मी नव्या समितीला रोज एक पत्र लिहू लागलो. शेवटी मुलगी वाघोलीहून आली, कोथरूडच्या माझ्या घरातल्या कम्प्युटरवर तिनं एक गेम चढवला आणि म्हणाली, "बाबा, आता इथं भांडा. इथलं कुणी आपल्या जिन्यात भेटत नाही."

गेममध्ये एक ओसाड माळ होता. त्यावर गाव कसं वसवायचं आणि कसं चालवायचं, ते खेळणाऱ्यांनीच ठरवायचं. आमच्या माळावर तीसेक माणसं होती, बहुतेक पुण्यातली. दगड फोडायचे, घरं बांधायची, लांडगे आले की हाणायचे. एकमेकांशी बोलायचं ते टाइप करून. मी गेलो तेव्हा तिथं एकही नियम नव्हता आणि सगळे मजेत होते. हे मला बघवेना.

महिन्याभरात गावाला बासष्ट नियम झाले. बहुतेक मी सोसायटीच्या उपविधींवरून जसेच्या तसे उतरवले. वेशीजवळ दगडी चावडी बांधून घेतली, सभा तिथंच घ्यायची असं ठरवलं आणि सचिवपदी माझी बिनविरोध निवड झाली, कारण दुसऱ्या कुणाला हे पद म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्या दिवशी मी घरात एकटाच होतो, तरी पेढे आणले. कुणी सचिव म्हणून हाक मारली की बरं वाटतं, हे मी लपवत नाही. पत्नी गेल्यापासून दिवसभरात मला कुणी काही विचारत नव्हतं. इथं निदान विहीर खणायला तरी माझा ना हरकत दाखला लागायचा.

एकदा सभा चालू असताना चावडीत लांडगे शिरले. हा विषय विषयपत्रिकेवर नाही, असं मी निदर्शनास आणलं. तेवढ्यात आठ सभासद मेले. आमच्या गेममध्ये मेलेला माणूस अर्ध्या मिनिटात जिवंत होऊन परत येतो, त्यामुळे मधल्या अर्ध्या मिनिटात गणपूर्ती होती की नव्हती यावर पुढच्या तीन सभा गेल्या. मयत सभासद हजर धरावेत असं शेवटी ठरलं.

आता तांबटांबद्दल सांगतो. कसबा पेठेत तांब्याची भांडी ठोकणारे हे गृहस्थ, माझ्याच वयाचे. आम्ही प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो. फोन नंबर कुणी कुणाला द्यायचा नाही, हा नियम तीन. गावातलं सगळ्यात देखणं घर त्यांचं होतं. दगडाला दगड असा बसवलेला, की लोक बघायला जात. एकदा ते महिनाभर आलेच नाहीत. नियम चौदा असा होता: सलग तीस दिवस गैरहजर राहणाऱ्याचं सदस्यत्व सभेत ठराव करून रद्द करावं आणि घर पाडावं. एकतिसाव्या दिवशी त्यांच्या नावानं निरोप आला: 'बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, टाके आहेत, पंधरा दिवस थांबा. मी त्यांची सून.' मी उत्तर दिलं, की दुसऱ्याच्या नावानं गावात येणं हा नियम नऊचा भंग आहे आणि रजेचा अर्ज सभासदानं स्वतः द्यायचा असतो.

सभेत बहुतेकांनी ठरावाविरुद्ध मत दिलं. नियमाविरुद्ध मत देता येत नाही, असं सांगून मी ती मतं बाद केली. घर पाडलं. पुढं तांबट परत आले, नव्यानं अर्ज केला आणि सगळ्यात खालच्या पायरीला लागले. नव्या सभासदाला वर्षभर मत नाही, गणपूर्तीत गणना नाही, घर नाही. ते दगड वाहायचे आणि वेशीबाहेर झोपायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

त्यानंतर चार महिन्यांनी मी सोसायटीच्या जिन्यात स्टुलावरून पडलो. नोटीस लावत होतो. सचिव नव्हतो, पण नव्या समितीच्या नोटिशीत तीन चुका होत्या आणि शेजारी शुद्धिपत्रक लावणं भाग होतं. मांडीचं हाड मोडलं, उजवा हातही मोडला. मुलीनं हॉस्पिटलमधून थेट वाघोलीला नेलं. तिचा लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर गेम चढत नाही. "कोथरूडला जाऊन तुमच्या नावानं लिहून येते," म्हणाली.

"नियम नऊ," मी म्हणालो.

"मग बसा मोजत," ती म्हणाली आणि डाळभात कालवायला गेली.

मी खरंच मोजत बसलो. विसावा दिवस, पंचविसावा, तिसावा. एकतिसाव्या दिवशी संध्याकाळी सहाला मी घड्याळाकडे बघत पडून राहिलो. सभा सुरू झाली असेल, ठराव आला असेल, आता माझं घर पाडत असतील. सोसायटीत हरलो तेव्हा राग आला होता. या वेळी नुसती भीती वाटली, आणि लाज, कारण तांबटांचे ते पंधरा दिवस राहून राहून आठवत होते.

त्रेचाळिसाव्या दिवशी मुलीनं मला कोथरूडला सोडलं. डाव्या हातानं कम्प्युटर लावला. आपण आता गावात परके, वेशीवरच अडकणार, असं धरून चाललो होतो. आत गेलो तर माझं घर जागेवर, दारातला दिवा लागलेला. चावडीही होती, पण दगड वेडेवाकडे, जणू आज दुपारीच घाईत रचलेली. आत इतिवृत्ताची वही होती. उपसचिव म्हणजे वाघोलीच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी, एरवी सगळं इंग्रजीत उडवणारी. पण वहीत तिनं मी शिकवलेली भाषा जशीच्या तशी वापरली होती:

'विषय: सचिवांचे सदस्यत्व रद्द करणे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब. नियम सत्तावीसनुसार तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यासाठी सभासद जमले असता ठिकाण आढळून आले नाही. सभा उद्यावर.'

अशा बारा नोंदी. बारा दिवसांच्या.

नियम सत्तावीस माझाच. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, अर्ध्या तासानं दोघं बसले तरी ठराव होतो. अट एकच, ठिकाण तेच हवं.

सहा वाजले. तेरावी सभा होती. सगळं गाव चावडीबाहेर उभं होतं, आत मी आणि उपसचिव.

"काका, वेलकम बॅक. पण प्लीज काही बोलू नका," तिनं लिहिलं.

मी बोललो. नियम हा नियम आहे, त्रेचाळीस दिवस झालेत, ठराव मीच मांडतो, असं म्हणालो. गणपूर्ती नसल्यानं सभा तहकूब झाली. लगेच बाहेरची माणसं हत्यारं घेऊन आत आली आणि चावडी पाडू लागली. मी सचिवाच्या जागेवर बसून होतो. छप्पर गेलं. मागची भिंत गेली. तांबट माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"अहो, जरा उठता का? आपल्यामागचा खांब काढायचाय."

मी उठलो. त्यांनी खांब काढला.

"ही कल्पना कुणाची?" मी विचारलं.

"माझी. मला मत नाही, पण दगड हलवायला बंदी नाही. नियम बघून घेतले मी."

"अर्ध्या तासात एवढी चावडी पडते हे आधी कसं कळलं?"

"आपण माझं घर पाडलंत ना, तेव्हा सून बघत होती. तिनं वेळ लावली होती. पंचवीस मिनिटं."

समोरची अक्षरं मला दिसेनात. मी रडत होतो, आणि डोळे पुसायला एकच हात होता, तो माउसवर. साडेसहाला तीच सभा त्याच ठिकाणी घ्यायला आम्ही मोकळ्या माळावर जमलो. ठिकाण आढळून आलं नाही. तशी नोंद मी स्वतः केली आणि सही केली.

नियम चौदा रद्द व्हायला पुढं आठ सभा लागल्या, कारण नियम रद्द करायचा नियम मी केलेलाच नव्हता. पण त्याची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या हातानं दगड वाहायला घेतले आणि तांबटांच्या जुन्या जागेवर भिंत रचू लागलो. दुपारपर्यंत कमरेइतकी झाली. ते आले, दोन्ही बाजूंनी फिरून त्यांनी ती नीट पाहिली. ऑपरेशनचा डोळा आता चांगला झाला होता.

"वाकडी आहे," ते म्हणाले. "पाडा."

मी पाडली.