अश्विनीने टाळलेला प्रश्न

अश्विनी सगळं विचारत होती. झोप, जेवण, डोकेदुखी. नेमकं विचारायचं तेवढं सोडून. शेजारच्या खुर्चीत माझा जीव टांगणीला लागला होता.

अश्विनी माझ्याकडे शिकायला आलेली समुपदेशक, म्हणजे बोलून उपचार करणारी. आदल्या आठवड्यात तिच्या पाटोद्याच्या पेशंटने आत्महत्या केली होती. तरुण मुलगा, मेंढरं राखायचा. शेवटच्या भेटीत तिने त्याला विचारलं होतं, "जीव द्यावासा वाटतो का?" तो "न्हाई" म्हणाला होता. आमच्या कामात हे आडून नाही, सरळच विचारायचं असतं.

बातमी आल्यापासून पोरगी धड जेवली नव्हती. "मॅडम, मीच ते त्याच्या डोक्यात घातलं."

"विचारल्याने कुणी मरत नाही," मी खेकसले होते. तिला ते पटलं नव्हतं, हे आता ओपीडीत दिसत होतं.

समोरची बाई आष्टीकडची. बाळंतपणात मूल गेलेलं, तेव्हापासून झोप नाही. नवरा बाहेर थांबलेला. संध्याकाळी ऊसतोडीची गाडी निघणार होती. एकदा गाडीत बसली की ती पाडव्यापर्यंत आम्हाला दिसणार नव्हती.

अश्विनीने पेनाला टोपण लावलं. "बरं ताई, काळजी घ्या."

बाई उठली.

"अश्विनी, एक राहिलंय," मी म्हणाले. "तू विचारतेस की मी विचारू?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, ही आता उठून जाते. मग ती बाईकडे वळली. "ताई, बसा जरा. कधी जीव द्यावासा वाटतो का?"

बाईने पदर तोंडाला लावला. "रोजच वाटतं, ताई. कुनी इचारलंच न्हाई."

पुढचं भराभर झालं. नवऱ्याला आत घेतलं. "मुकादम काय म्हनंल?" तो कुरकुरला. "मुकादमाशी मी बोलते," मी म्हणाले. बाई ॲडमिट झाली. गाडी दोघांना न घेताच गेली.

"मॅडम, त्यालाही मी असंच विचारलं होतं हो," अश्विनी म्हणाली.

"हो."

"मग तो 'नाही' असं का म्हणाला?"

"माहीत नाही."

तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली. मी दार लावून घेतलं आणि तिच्याजवळ बसले. मलाही भरून आलं होतं.

बाई आता सावरली आहे. त्या मुलाचं उत्तर मात्र आम्हाला कधीच मिळणार नाही. अश्विनी तो प्रश्न आता प्रत्येकाला विचारते, पण आधी आवंढा गिळते. गिळू दे. ज्याला तो गिळावा लागत नाही, त्याला मी त्या खुर्चीत बसवत नाही.