सभापतीबाईंची माघार

माझ्या काकूला भाषणासाठी माइक कधी लागला नाही. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात ओट्यावर उभी राहून ती बोलू लागली, की पलीकडच्या रांगेतले भाजीवाले तराजू खाली ठेवत. घरची संत्र्याची बाग काका बघत आणि पक्ष काकू बघे. पंचायत समितीची मुदत संपून बरीच वर्षं झाली, तरी गाव तिला सभापतीबाईच म्हणे.

तिचा सामना तालुक्यातल्या दुसऱ्या पक्षाचे पुढारी असलेल्या गुरुजींशी. दर निवडणुकीत झेंड्यावरून दोन्हीकडची पोरं भिडत. अशाच एका मारामारीचा खटला तिच्या कार्यकर्त्या पोरांवर कोर्टात चालू होता. तारखेला तीही डबा घेऊन त्यांच्याबरोबर जाई. "माह्यासाठी भांडले ते. त्यायले एकटं कसं सोडू?" म्हणे.

मग लोकसभेत कोणालाच बहुमत मिळालं नाही, आणि हेच दोन पक्ष दिल्लीत एकत्र सरकारात बसले. पाठोपाठ विधानसभा आली. काकूनं उमेदवारी अर्ज भरला, तोच अमरावतीहून जिल्हाध्यक्ष आले. "युतीत ही जागा गुरुजींना सुटली. तुम्ही माघार घ्या," ते खाली बघत म्हणाले.

"काकू, अपक्ष लढा," अंगणातली पोरं म्हणाली.

ती आत गेली. पाणी प्यायली, डोळ्यांना पदर लावला आणि मला घेऊन सरळ गुरुजींच्या घरी निघाली.

"अर्ज मी मागे घेतो, गुरुजी," ती म्हणाली. "पन दिल्लीत तुमी-आमी एक झालो, आन माही पोरं अजून कोर्टात उभी हायेत. फिर्याद तुमच्या मानसाची हाये. त्याले समजवा."

गुरुजींनी खुर्ची पुढे केली. "बसा बाई, चहा घ्या," म्हणाले, आणि फिर्यादीला बोलावणं धाडलं.

कोर्टात तडजोड झाली, पोरं सुटली. काकू गुरुजींच्या प्रचारात गावोगाव फिरली, ते निवडून आले. तिला पुन्हा तिकीट मिळालं नाही. पुढे युती तुटली, तिचा पक्षही फुटला. सुटलेल्यांपैकी एक जण तर गुरुजींच्याच पक्षात गेला. त्याच्या लग्नात अक्षता टाकायला काकू सगळ्यांच्या आधी हजर.

तिची-माझी शेवटची भेट अमरावतीच्या दवाखान्यात झाली. त्या दिवशी पुन्हा लोकसभेचे निकाल लागत होते.

"दिल्लीत आता कोन कोनासंग हाये, बाप्पा?" तिनं विचारलं.

"अजून ठरलं नाही, काकू."

ती जराशी हसली. "मंग आपल्या पोरायले सांगून ठेव. तवरोक कोनाचं डोकं फोडू नका म्हनाव."