आजीचं माहेरचं नाव

मुलीच्या सासरी, इंग्लंडला गेले होते. तिचे सासरे निवृत्त झाल्यापासून स्वतःच्या आडनावाच्या मागे लागलेत. जेवणाच्या टेबलावर त्यांनी वंशावळीचा भलामोठा कागद पसरला.

"आमचं बीमन हे मूळचं फ्रेंच ब्यूमाँ असावं," ते म्हणाले. कुणी पूर्वज धर्मापायी फ्रान्समधून जीव घेऊन पळाला, इथे आला आणि हळूहळू इंग्रज झाला. खात्री नाही, म्हणून त्याचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं.

तीनचारशे वर्षांपूर्वीच्या माणसासाठी एवढी खटपट! मला हसूच आलं. मग त्यांनी माझी बाजू भरायला घेतली. माझं नाव, आईचं नाव पेनाने लिहिलं. "आणि आईच्या आईचं?"

"लक्ष्मी."

"अगं आई, ते सासरचं ना?" मुलगी म्हणाली. "जन्माचं काय?"

लग्नात नाव बदलतात, हे मला काय नवीन? माझंही बदललंच होतं.  पण जिच्या हातचं मी जेवले, त्या सख्ख्या आजीचं नाव मला माहीत नव्हतं. समोर माझी नात इंग्रजीत बडबडत होती. तिच्या नातवंडांना मी कोण म्हणून सापडणार?

तिथूनच मावशीला फोन लावला. ती नव्वदीची आहे. तिच्यानंतर विचारायला कुणीच नाही.

"मावशी, आजीचं माहेरचं नाव काय होतं गं?"



"अगं, आम्ही तिला आईच म्हणायचो."